कोकणातील कृषि महाविद्यालय आणि दक्षिण कोकणची शेती

१

कोकणातील कृषि महाविद्यालयाची स्थापना १९६५ साली दापोली येथे झाली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतीचे वर्ग १८७९ पासून चालत होते आणि १९०८ साली तेथे स्वतंत्र कृषि महाविद्यालय उभे राहिले होते. म्हणजे देशावरील शेतीला उच्च शिक्षणाचा आधार मिळाल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर तो कोकणच्या वाट्यास आला. हा विलंब केवळ कालगणनेचा प्रश्न असता तर त्याचा उल्लेख करून पुढे जाता आले असते. परंतु या मधल्या काळात कोकणच्या शेतीसंबंधीचे शास्त्रीय ज्ञान घाटावर निर्माण होत राहिले आणि ते तेथूनच खाली उतरत राहिले. दापोलीच्या महाविद्यालयाचा व त्यातून विस्तारलेल्या विद्यापीठाचा इतिहास हा या प्रवाहाची दिशा बदलण्याच्या प्रयत्नाचा इतिहास होय. तो प्रयत्न कोठे फळास आला आणि कोठे अपुरा राहिला, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

पुण्याचे महाविद्यालय ज्या भूमीत उभे राहिले तेथील मुख्य प्रश्न अपुऱ्या पावसाचे, ज्वारी-बाजरीचे, काळ्या जमिनीचे आणि कालव्याखालील उसाचे होते. कोकणचे प्रश्न याच्या अगदी उलट होते. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जांभ्यापासून बनलेल्या मातीत लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे विपुल असतात. ती स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे घातलेले खतही पिकाला सहजी मिळत नाही. सपाट जमीन थोडी, उताराची व कातळाची अधिक. अशा भूमीतील शेतकऱ्याने शतकानुशतकांच्या अनुभवातून जी व्यवस्था बसविली होती तिचा विचार करताना घाटावरील मापे अपुरी पडणे स्वाभाविक होते.

२

या अपुरेपणाचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे राबासंबंधीचा वाद. भाताचा तरवा टाकण्यापूर्वी वाफ्यावर शेण, झाडांचे टाहाळ, पालापाचोळा व माती यांचे थर पसरून ते भाजावयाचे, ही पद्धत कोकणात सर्वत्र प्रचलित होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव करण्यास प्रारंभ केला, तेव्हा राबासाठी होणारी झाडांची छाटणी ही वनखात्याच्या दृष्टीने नासाडी ठरली आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तिची मनाई म्हणजे भातशेतीवरच घाला ठरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे १८८५ साली मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे ओझॅन यांनी लोणावळे येथे राबाचे प्रयोग केले, आणि भारतीय शेतीच्या सुधारणेवर १८९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध करणारे रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनीही या पद्धतीचा सहानुभूतीने विचार केला.

पुढे पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबपद्धतीचा प्रयोगशाळेत व शेतात तपास केला आणि तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राखेतून मिळणारे खत व भाजण्यामुळे मातीला लागणारी आच, या दोन्ही अंगांनी हा तपास झाला. या प्रबंधाचे महत्त्व त्यातील निष्कर्षांइतकेच त्यामागील भूमिकेत आहे. कोकणी शेतकऱ्याची जी रीत शासनाच्या नजरेत अडाणीपणाची होती, तिच्यात काही शास्त्रीय तथ्य असू शकेल असे गृहीत धरून तिचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न होता. शेतकऱ्याचा व्यवहार हे संशोधनाचे आद्य साधन मानावयाचे, ही वृत्ती पुण्याच्या महाविद्यालयात अशा रीतीने दिसली. परंतु ती तेथे कोकणसंबंधी सातत्याने टिकावी अशी परिस्थिती नव्हती.

तरीही कोकणच्या पिकांकडे पुण्याच्या संशोधकांनी पूर्ण दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. भातासाठी कर्जत येथे १९१९ साली संशोधन केंद्र सुरू झाले. बर्न्स व प्रयाग यांचे आंब्यावरील विस्तृत पुस्तक १९२० च्या सुमारास इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केले. चीमा व दाणी यांनी १९३४ मध्ये, आंबे युरोपात पाठविण्याच्या प्रयोगांच्या निमित्ताने, हापूसच्या गरात दिसणाऱ्या साक्याची शास्त्रीय नोंद केली. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबट व पोकळ निघते, हा दोष बागाईतदारांना व दलालांना ठाऊक होताच. आता तो संशोधनाचा विषय झाला. परंतु कर्जत उत्तर कोकणात, संशोधकांचे मुख्य ठाणे पुण्यात, आणि हापूसच्या बागा देवगड-रत्नागिरीस, अशी ही विभागणी होती. दक्षिण कोकणातील शेतकऱ्याला आपल्या प्रश्नाची तड लावण्यासाठी जावे असे स्थान आपल्या किनाऱ्यावर नव्हते.

३

स्वातंत्र्यानंतर हे चित्र दोन बाजूंनी पालटू लागले. पहिली बाजू जमिनीच्या हक्काची. मालवण, देवगड व वेंगुर्ले हे तालुके ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी व कुडाळ हा प्रदेश सावंतवाडी संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन होऊन तो रत्नागिरी जिल्ह्यास जोडला गेला. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीचा पगडा मोठा होता. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले होते; प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ मध्ये. १९४८ चा कूळकायदा व त्याखालील १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा केला.

फळबागेच्या इतिहासात या कायद्यांचे स्थान मूलभूत आहे. भात किंवा नाचणी चार महिन्यांत घरात येते. हापूसचे कलम भरघोस फळावर येण्यास बरीच वर्षे लागतात. जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेले कूळ अशी लागवड करण्याच्या भरीस पडणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे पुढील काळात कृषि महाविद्यालयाने व विद्यापीठाने फळझाडांविषयी जे काही सांगितले ते ऐकून अमलात आणू शकणारा शेतकरी मोठ्या संख्येने निर्माण होण्यास हे कायदे कारण झाले.

दुसरी बाजू संस्थांची. १९५७ च्या सुमारास वेंगुर्ले येथे फळसंशोधनाचे काम सुरू झाले. त्यानंतर १९६५ मध्ये दापोलीस महाविद्यालय निघाले. याच सुमारास देशभर कृषि विद्यापीठांची कल्पना मूळ धरीत होती. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या देणगीवर ज्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या धर्तीवर अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कार्ये एकाच संस्थेकडे असावीत, असे या कल्पनेचे स्वरूप होते. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांचा विचार मांडला. १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषि विद्यापीठ झाले. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये प्रत्येक राज्यात किमान एक कृषि विद्यापीठ असावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात प्रथम राहुरी, नंतर १९६९ मध्ये अकोला, आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली अशी चार विद्यापीठे झाली. दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रत्नागिरी जिल्ह्याचे हे नेते १९६३ साली मुख्यमंत्री कन्नमवार यांच्या निधनानंतर काही दिवस राज्याचे हंगामी मुख्यमंत्री होते.

इतर प्रदेशांशी तुलना केल्यास एक भेद ध्यानात येतो. पुण्याचे महाविद्यालय साठ वर्षे जुने झाल्यावर राहुरी विद्यापीठाचे अंग बनले. दापोलीचे महाविद्यालय विद्यापीठ झाले तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. त्यामुळे कोकणात महाविद्यालयाची परंपरा आणि विद्यापीठाची व्यवस्था या दोन्ही जवळजवळ एकदमच घडत गेल्या. जुन्या अभ्यासक्रमाचे ओझे कमी आणि प्रदेशाची निकड मोठी, हा या संस्थेला लाभलेला फायदा होता. तोटा असा की, दापोलीपासून वेंगुर्ले अडीचशे किलोमीटरांच्या पुढे आहे. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निघाल्यावर विद्यापीठाचे मुख्य ठिकाण आणि दक्षिण किनारा यांच्यामध्ये जिल्ह्याची सीमाही आली. हे अंतर वेंगुर्ल्याचे केंद्र, देवगड तालुक्यातील रामेश्वर येथील आंबा संशोधन उपकेंद्र, आणि पुढे कुडाळ तालुक्यात मुळदे येथे निघालेले उद्यानविद्या महाविद्यालय यांनी भरून काढावयाचे होते.

४

या केंद्रांच्या कार्यात सर्वांत फलदायी ठरले ते काजूवरील काम. त्याची कार्यपद्धती मुळापासून पाहण्यासारखी आहे. काजूच्या झाडात परपरागीभवन होते. म्हणून बी रुजवून वाढविलेली झाडे एकमेकांसारखी निपजत नाहीत. एकाच भरडावरील दोन झाडांत एक भरपूर व मोठी बी देते, तर शेजारचे नुसतेच वाढते. हा भेद गावकऱ्यांना माहीत असतो; अमुक याच्या कुंपणाजवळचा काजू चांगला, हे ज्ञान गावात तोंडी चालत आलेले असते. संशोधकांनी अशी झाडे हुडकून त्यांची निवड केली. वेंगुर्ले तालुक्यातील अणसूर गावच्या झाडांवरून निवडलेली ‘अणसूर-१’ ही ‘वेंगुर्ला-१’ या नावाने १९७४ साली प्रसृत झाली. त्याच तालुक्यातील वेतोरे गावचे ‘वेतोरे-५६’ हे झाड पुढील संकरांचे जनक ठरले. १९८१ सालची ‘वेंगुर्ला-३’ ही अणसूर-१ व वेतोरे-५६ यांचा संकर आहे; त्याच वर्षीची ‘वेंगुर्ला-४’ ही बंगालमधील मिदनापूरची तांबडी जात व वेतोरे-५६ यांच्या संयोगातून निर्माण झाली. १९९७ मधील ‘वेंगुर्ला-७’ चे बी सुमारे दहा ग्रॅम वजनाचे भरते, तर वेंगुर्ला-१ चे सहा ग्रॅमच्या आसपास.

निवडलेल्या झाडाचे गुण टिकवावयाचे तर बियांऐवजी कलमांनीच लागवड करावयास हवी. आंब्याच्या बाबतीत भेट कलमाची रीत जुनी होती; परंतु मातृवृक्षाच्या फांदीशी रोप नेऊन बांधावे लागत असल्याने अशी कलमे थोडीच होत. कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी बांधण्याची कोय कलमाची रीत आणि काजूसाठी मृदुकाष्ठ कलमाची रीत रूढ झाली, तेव्हा एकेका रोपवाटिकेत हजारो कलमे तयार करणे शक्य झाले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली. त्या वेळी कोकणात या योजनेला जो प्रतिसाद मिळाला, त्यामागे जमिनीचा हक्क, अनुदान आणि विश्वासार्ह कलम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. यांपैकी तिसरी गोष्ट विद्यापीठाच्या कार्याचे फलित होय.

आंब्याच्या संशोधनाची कथा मात्र निराळी आहे. वेंगुर्ल्यास नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही साक्यापासून मुक्त अशी जात निघाली. रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये अत्यंत पातळ कोयीची ‘सिंधू’ ही जात निघाली. चीमा व दाणी यांनी नोंदविलेल्या दोषाला पन्नासएक वर्षांनी मिळालेले हे उत्तर शास्त्रदृष्ट्या मोठे होते. परंतु बाजाराने ते स्वीकारले असे म्हणता येत नाही. हापूसची जागा रत्नाने घेतली नाही. ग्राहक ज्या नावाला किंमत देतो ते नाव सोडून चांगल्या गुणाच्या फळाकडे वळण्यास बागाईतदार तयार नसतो. एक वर्षाआड फळण्याच्या हापूसच्या खोडीवर दापोलीच्या संशोधकांनी पॅक्लोब्युट्राझोलच्या वापराची शिफारस केली. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मात्रा ठरवावी, असे तिचे स्वरूप होते. बागांमध्ये औषध पोहोचले. मोजमापाची शिस्त त्याच वेगाने पोहोचली नाही. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या नोंदणीत विद्यापीठाचाही सहभाग होता. नवी जात निर्माण करणाऱ्या संस्थेलाच जुन्या नावाच्या रक्षणासाठी उभे राहावे लागले, यातून बाजाराचे बळ दिसून येते.

५

या इतिहासाकडे शब्दांच्या अंगाने पाहिले असता त्याचे आणखी एक स्वरूप उघड होते. सिंधुदुर्गातील शेतीच्या बोलीत तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर भाताचा: कुणगा, मेर, मळा, तरवा, लावणी, आणि पावसाळी पीक निघाल्यावर पाणथळ मळ्यात घेतले जाणारे वायंगण. हे शब्द घरचे आहेत. दुसरा थर बागेचा आणि तो बऱ्याच अंशी समुद्रमार्गे आलेला. काजू हा शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगिजांमार्फत आला. अननस व पेरू हेही पोर्तुगिजांबरोबरचेच. हापूस हे अफोन्सो या नावाचे रूप. आणि कलम हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. गोव्याचे सान्निध्य लाभलेल्या या किनाऱ्यावर बागेची विद्या बाहेरून आली व येथे रुजली, याची साक्ष हे शब्द देतात. तिसरा थर महाविद्यालयाचा: उद्यानविद्या, कृषिविस्तार, मृदुकाष्ठ, एकात्मिक कीडनियंत्रण. हे शब्द संस्कृतातून घडविलेले असून पुस्तिकांमध्ये व व्याख्यानांमध्ये राहतात.

या तिसऱ्या थरातील कोणते शब्द शेतकऱ्याच्या तोंडी उतरले, ही संस्थेच्या कार्याची एक कसोटी मानता येईल. ‘वेंगुर्ला चार’, ‘वेंगुर्ला सात’, ‘कोय कलम’ हे शब्द बाजारात, एसटीच्या थांब्यावर आणि लग्नघरच्या गप्पांत सहज ऐकू येतात. त्यांत गावाचे नाव, एक आकडा, किंवा घरातल्याच वस्तूचे नाव आहे. ज्या ज्ञानाचा उगम अणसूर-वेतोऱ्याच्या भरडावर होता ते प्रयोगशाळेतून फिरून परत आले तेव्हा लोकांनी ते ओळखले. उलट, जे ज्ञान केवळ परिभाषेत आले ते परिभाषेतच राहिले.

भाताच्या थराची अवस्था मात्र चिंतनीय आहे. कर्जत, रत्नागिरी व पनवेल येथील केंद्रांनी भाताच्या सुधारित जाती दिल्या. कर्जतच्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताने उत्पादनाची मर्यादा वाढविली. तथापि दक्षिण कोकणातील भातशेतीची अडचण केवळ वाणाची नव्हती. येथील जुनी शेती ही एक सलग व्यवस्था होती. मळ्यात भात, वरकस उतारावर नाचणी व वरी, गोठ्यात गुरे, त्यांचे शेण व झाडांचे टाहाळ राबाला, पेंढा गुरांना, आणि व्हाळाच्या काठी माड-पोफळीची बाग. यांतील एक दुवा निखळला की दुसरा सैल होई. महाविद्यालयात हीच व्यवस्था कृषिविद्या, उद्यानविद्या, पशुसंवर्धन, रसायनशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांत वाटली गेली. उद्यानविद्येने वरकस जमिनीवर काजूचे कलम लावावयास सांगितले आणि ते सांगणे लाभाचेही ठरले. परंतु नाचणी गेल्यावर, गुरे कमी झाल्यावर आणि मुंबईस गेलेल्या माणसांमुळे मजूर मिळेनासा झाल्यावर मळ्यातील भाताचे काय होईल, हा प्रश्न कोणत्याच एका विभागाचा राहिला नाही. पडीक राहिलेले कुणगे आणि मेरांवर वाढलेले रान ही आज गावोगाव दिसणारी दृश्ये आहेत. बागेतील यश व मळ्यातील ओसाडी यांचा एकत्र विचार केल्यावाचून या संस्थेच्या कार्याचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

६

भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये कृषि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण कार्यानुभवाची शिफारस केली. त्यानुसार अखेरच्या वर्षातील विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतात. त्यांना कृषिदूत व कृषिकन्या अशी नावे रूढ झाली आहेत. दूत या शब्दात निरोप पोहोचविण्याची कल्पना अंतर्भूत आहे. निरोप उलट दिशेनेही आणावयाचा असतो, ही जाणीव या उपक्रमात दृढ झाल्यास त्याचे मोल वाढेल. वायंगणाला पाणी कोणत्या व्हाळाचे व कोणत्या क्रमाने द्यावयाचे, कोणत्या मातीत कोणते जुने भात टिकते, कोणत्या झाडाचा टाहाळ राबाला चालतो, हे जाणणारी पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्याबरोबर केवळ शब्द जाणार नाहीत; त्या शब्दांनी निर्देशिलेले जमिनीचे, पाण्याचे व बियाण्याचे भेदही जातील. मेर आणि गडगा यांतील फरक ज्याला सांगता येत नाही त्याला मातीची धूप कोठे थांबते हेही नीट सांगता येणार नाही.

सिंधुदुर्गातील शेतीच्या बोलीचा पद्धतशीर संग्रह हे काम भाषाविभागाचे मानले जाते आणि पिकांचा अभ्यास कृषि महाविद्यालयाचा. ही वाटणी सोयीची असली तरी विषयाच्या स्वरूपाला धरून नाही. १९१२ चा राबावरील प्रबंध एका रूढ शब्दामागील व्यवहार समजून घेण्याच्या इच्छेतून सिद्ध झाला; वेंगुर्ला-१ ही एका गावाने ओळखलेल्या झाडावरून सिद्ध झाली. कोकणातील कृषिशिक्षणाची जी कामे टिकली त्यांचा प्रारंभ शेतकऱ्याचे म्हणणे नोंदवून घेण्यात आहे. काजूच्या बाबतीत जे घडले ते भात, नाचणी व कोकम यांच्याही बाबतीत घडावयाचे असेल, तर त्यासाठी दापोली-मुळद्याचे विद्यार्थी आणि भाषेचे अभ्यासक यांनी एकत्र बसून मळ्याच्या मेरेवरच नोंदवही उघडली पाहिजे. आणि ते काम पुढील दहा-पंधरा वर्षांत न झाल्यास नंतर करता येण्याजोगे राहणार नाही.